मुलाखतीत नुसती गरिबी नको, धडपड सांगा

बारावीनंतर काही विद्यापीठांत मार्कांसोबत माणूसही पाहतात. बेंगळुरू, भोपाळच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात प्रवेश परीक्षेनंतर मुलाखत असते. घरच्या उत्पन्नानुसार फीमध्ये सवलतही मिळते.

इथेच आपली पोरं अडतात. ‘घरची परिस्थिती बेताची आहे,’ एवढंच बोलून गप्प बसतात. त्यातून अडचण कळते, तुम्ही कळत नाही.

त्यापेक्षा असं सांगा: ‘आई-बाबा ऊसतोडीला गेले, तेव्हा धाकट्या भावाची शाळा, दोन शेळ्या आणि किराण्याची उधारी मी सांभाळली. पहिल्या महिन्यात हिशेब चुकला, मग रोज रात्री वहीत लिहायला लागले.’ जबाबदारी, चिकाटी हे शब्द न उच्चारताही दिसतात.

मात्र घडलं तेवढंच सांगा. रचलेली गोष्ट दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.