शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. स्वयंपाकघरात ती खरी ठरते. कारण एका भांड्यात आणि एकाच आधणात शिजलेले दाणे बहुधा सारखेच असतात. परंतु ज्या पदार्थाचा पहिला घास आणि शेवटचा घास यांची चव निराळी असते, त्याची पारख कशी करावयाची? संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या नव्या खेळांच्या बाबतीत हा प्रश्न आज अनेक निर्मात्यांपुढे आणि त्याहून कितीतरी अधिक खेळाडूंपुढे उभा आहे.

2025 च्या नोव्हेंबर महिन्यात चेन्नईतील नंदंबाक्कम येथील ‘चेन्नई ट्रेड सेंटर’मध्ये ‘इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स’ ही खेळनिर्मात्यांची परिषद भरली. अनेक वर्षे हैदराबादेत भरणारी ही परिषद त्या वर्षी चेन्नईस आली. अशा परिषदांत व्याख्याने होतात, व्यवहाराच्या गाठीभेटी होतात. पण त्यांचा खरा प्राण असतो तो छोट्या निर्मात्यांच्या टेबलांपाशी. एक संगणक, हातात धरावयाचे एक नियंत्रक यंत्र आणि अद्याप बाजारात न आलेला खेळ, एवढेच भांडवल तिथे मांडलेले असते. येणाऱ्याने बसावे, पंधरा-वीस मिनिटे खेळून पाहावे आणि उठावे. निर्माता मागे उभा राहून मुकाट्याने पाहत असतो. खेळणाऱ्याचा हात कोठे अडखळला, चेहऱ्यावर हसू केव्हा उमटले, कंटाळून नजर कोठे वळली, हे तो टिपून ठेवतो. स्तुतीच्या चार शब्दांपेक्षा ही मूक साक्ष त्याला अधिक मोलाची वाटते.

खेळाच्या या विनामूल्य तुकड्याला ‘डेमो’ म्हणतात. आपल्या बाजारपेठेत त्यासाठी फार चांगला शब्द पूर्वीपासून आहे: वानगी. धान्याचा व्यापारी पोत्यातले मूठभर दाणे गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. पडद्यावरच्या खेळांत ही रीत जुनीच आहे. 1993 च्या डिसेंबरात आलेल्या ‘डूम’ या अमेरिकन खेळाच्या तीन भागांपैकी पहिला भाग कोणीही फुकट घ्यावा, मित्रांना द्यावा, अशी मुभा होती. आवडल्यास उरलेले दोन भाग विकत घ्यावयाचे. पुढे संगणकविषयक मासिकांबरोबर येणाऱ्या तबकड्यांतून अशा वानग्या आपल्याकडच्या घरांतही पोचल्या. आज त्यांचा मोठा बाजार ‘स्टीम’ या विक्रीमंचावर भरतो. 2003 मध्ये सुरू झालेल्या या मंचावर आता वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबर या महिन्यांत, ‘नेक्स्ट फेस्ट’ नावाचा आठवड्याचा उत्सव असतो. एका खेळाला त्यात एकदाच भाग घेता येतो. वानगी आवडली तर खेळाडू त्या खेळाचे नाव आपल्या इच्छायादीत घालतो आणि खेळ विक्रीस आला की त्याला सूचना मिळते. जाहिरातीसाठी पैसा नसलेल्या निर्मात्याची सारी भिस्त या यादीवर असते.

या छोट्या निर्मात्यांना ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र निर्माते म्हणतात. साठोत्तरी मराठी साहित्यातील अनियतकालिकांचे जे स्थान होते, ते या उद्योगात त्यांचे आहे, असे म्हटल्यास फारसे चूक होणार नाही. भांडवल थोडे, माणसे मोजकी, पण काय सांगावयाचे हे ठरविण्याचे स्वातंत्र्य पुरेपूर. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ रचला. 2016 मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि जगभर लोकप्रिय ठरला. त्या जातीच्या खेळांना इंग्रजीत ‘कोझी’ म्हणतात; मराठीत विसाव्याचे खेळ म्हणता येईल. त्यांत शत्रूचा पाठलाग नसतो, घड्याळाचा धाक नसतो. रोपाला पाणी घालावे, शेजाऱ्याची विचारपूस करावी, घर लावावे, एवढेच काम. त्यांच्याच शेजारी तऱ्हेवाईक खेळांचे बिऱ्हाड आहे. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ‘अनटायटल्ड गूज गेम’ या 2019 मधील खेळात खेळाडू हंस होतो आणि एका शांत गावातील लोकांच्या खोड्या काढतो. असल्या कल्पनेचा वृत्तान्त ऐकून कोणी पैसे मोजील, असे वाटत नाही; पाच मिनिटे हंस होऊन पाहिले की मात्र ती पटते. म्हणून अशा खेळांना वानगी हवीच.

परंतु विसाव्याच्या खेळांची अडचण इथेच सुरू होते. चेन्नईच्या मातीशी नाते सांगणारे एक उदाहरण घेऊ. ‘वेण्बा’ हा खेळ कॅनडातील टोरांटो येथील ‘विसै गेम्स’ या छोट्या संस्थेने 2023 च्या जुलै महिन्यात प्रसिद्ध केला. वेण्बा हे अभिजात तमिळ काव्यातील एका छंदाचे नाव. इथे ते नायिकेचे नाव आहे. 1980 च्या दशकात पतीसह कॅनडात गेलेली ही तमिळ गृहिणी आईने दिलेल्या पाककृतींच्या वहीवरून स्वयंपाक करते. वही जीर्ण झाली आहे, ओळी पुसल्या आहेत. गाळलेली कृती खेळाडूने तर्काने भरून काढावयाची. आरंभीच इडली येते. पात्रातल्या थाळ्या एकीवर एक कशा रचाव्यात, म्हणजे वाफ प्रत्येक इडलीपर्यंत पोचेल, हे ओळखावयाचे असते. ज्या चेन्नईत दिवस इडलीने उजाडतो, तिथल्या माणसाला हे कोडे सहज सुटेल. पण पडद्यावरच्या खेळात आपल्या आईचे इडलीपात्र पाहण्याचे नवल त्यालाही वाटेल.

आता एवढ्या इडलीवरून वेण्बाची परीक्षा करावयाची ठरविली, तर काय हाती लागेल? एक गोड, रंगीत, स्वयंपाकाचा खेळ. पण त्याचा गाभा पुढे आहे. मुलगा कविन मोठा होतो, इंग्रजीत रमतो, आईच्या भाषेला आणि डब्याला संकोचतो. आणि त्या दोघांमधले अंतर पदार्थागणिक उलगडत जाते. या खेळाला 2024 मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळाचा पुरस्कार दिला. शीत खरे होते; परंतु भात त्याहून फार मोठा होता.

ऑस्ट्रेलियातच 2021 मध्ये तयार झालेल्या ‘अनपॅकिंग’ची गोष्ट अशीच. खोक्यांतून सामान काढून घरात मांडावयाचे, एवढाच तो खेळ. पण एकाच स्त्रीची घरे वर्षांमागून वर्षे बदलत जातात. आणि एका घरात तिच्या पदवीपत्राला भिंतीवर जागा मिळत नाही, ते खाटेखाली सरकवावे लागते. ही वेदना ज्याने आधीची घरे लावली त्यालाच कळते. भांडणाच्या, शर्यतीच्या खेळात पहिल्या दहा मिनिटांत रंग भरतो. विसाव्याच्या खेळाचा रंग सवयीने चढतो. तेव्हा वानगी कोठे कापावी, हा निर्मात्याच्या कसोटीचा क्षण असतो. फार थोडे दाखविले तर खेळ पोकळ वाटतो. फार दाखविले तर जिज्ञासा भागते आणि खरेदी होत नाही.

याला काळाची आणखी एक मर्यादा आहे. 2025 मधील नेक्स्ट फेस्टच्या प्रत्येक उत्सवात दोन हजारांहून अधिक वानग्या होत्या. रोज दोन तास खेळणारा माणूस वीस मिनिटांस एक या हिशेबाने आठवड्यात बेचाळीस वानग्या चाखील, म्हणजे शंभरातल्या जेमतेम दोन. बाकीच्या त्याच्या नजरेआड राहणार. विकत घेतलेला खेळ दोन तासांहून कमी खेळला असल्यास चौदा दिवसांच्या आत परत करून पैसे मागण्याची सोयही स्टीमवर आहे. ग्राहकाच्या हिताची ही सोय. पण दोन तासांच्या आत संपणाऱ्या लहान खेळाला ती जाचकही ठरू शकते.

भारतीय निर्माते या वाटेवर उशिरा आले, पण स्वतःचे काही घेऊन आले. गोव्यात काम करणाऱ्या रिया गुप्ते आणि प्रतीक सक्सेना यांच्या ‘फिशबोल’मध्ये आजीच्या निधनाने खचलेली एकवीस वर्षांची अलो घरी बसून नोकरी करते आणि आजीच्या वस्तूंची खोकी एकेक करून उघडते. आपल्याकडे खेळ म्हटला की पालकांच्या मनात जुगाराची शंका येते, आणि ती निराधार नव्हती. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली; परंतु त्याच कायद्याने करमणुकीच्या आणि शिक्षणाच्या सामाजिक खेळांना निराळे स्थान दिले. हा फरक कायद्याच्या पुस्तकातून समजतो, तसा एखादी वानगी खेळूनही समजतो. पाल्याच्या शेजारी बसून वीस मिनिटे खेळलेला पालक या विषयावर अधिक न्यायाने बोलू शकेल.

वानगी चाखणाऱ्याने म्हणून थोडे पथ्य पाळावे. थोड्याच, पण मन लावून खेळाव्यात. खेळ अपुरा आहे हे ध्यानी ठेवून चित्रांच्या सफाईपेक्षा त्यामागील दृष्टी पाहावी. कोठे अडले ते निर्मात्याला स्पष्ट, पण सौम्य शब्दांत कळवावे. कारण खेळ पुरा होण्यापूर्वी केलेली सूचनाच उपयोगी पडते. आणि वानगी बाजूला ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी तिची आठवण होते की नाही, हे स्वतःला विचारावे. गोंगाटाचा खेळ खेळताना आवडतो. विसाव्याचा खेळ पुष्कळदा उठून गेल्यावर आवडू लागतो. भाताची परीक्षा शितावरून जरूर करावी. मात्र शीत सावकाश चावावे.