दुखण्याची कैफियत

नागपूरच्या उत्तर भागात, १८६४ साली स्थापन झालेल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळ जो चौक लागतो, त्याला महानगरपालिकेच्या दप्तरात कोणतेही नाव असो, ऑटोवाल्यांच्या आणि उतारूंच्या तोंडी तो पिढ्यान्‌पिढ्या ‘पागलखाना चौक’ म्हणूनच रूढ आहे. आणि वर्षानुवर्षे पाठीच्या, गुडघ्याच्या किंवा हाडांच्या दुखण्याने जेरीस आलेल्या एखाद्या माणसाला डॉक्टरांनी ‘एकदा मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवा’ असे सुचविले, की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो हाच चौक. मी वेडा आहे असे यांना वाटते काय? की माझे दुखणेच खोटे आहे असे यांना सुचवायचे आहे? हे त्याचे प्रश्न सर्वस्वी रास्त आहेत, आणि त्यांना सरळ उत्तर दिल्यावाचून मानसोपचाराची महती गाणे मला अन्यायाचे वाटते.

उत्तर असे, की दुखणे खरेच आहे. मराठीत ‘दुखणे’ हा एकच शब्द वेदनेलाही चालतो आणि आजारालाही. आजारी माणूस तो ‘दुखणाईत’. दाढ ठणकते, गळू ठसठसते, पाठीत चमक भरते, पोटात कळ येते, तापात हाडे फुटून निघतात. आपल्या बोलीने वेदनेचे हे बारकावे मोठ्या कसोशीने टिपून ठेवले आहेत. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदनेचे वर्णन करणारे असेच शब्द जमवून १९७५ साली जी प्रसिद्ध प्रश्नावली सिद्ध केली, तीत शरीराला काय जाणवते हे सांगणारे शब्द एका बाजूस पडले, आणि थकविणारी, भेडसावणारी, छळणारी अशा जातीचे, म्हणजे मनाची अवस्था सांगणारे शब्द दुसऱ्या बाजूस. रुग्ण मात्र हे दोन्ही प्रकारचे शब्द एका श्वासात उच्चारतो, कारण त्याच्या अनुभवात ती दोन दुखणी नसतातच.

याच मेल्झॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्या सहकार्याने १९६५ साली असा सिद्धान्त मांडला होता, की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना कमीअधिक वाट देणारी जणू एक वेस आहे, आणि त्या वेशीवर केवळ खालून येणाऱ्या संदेशांचा रेटा नव्हे, तर वरून, मेंदूकडून, सुटणारे हुकूमही चालतात. तपशिलात त्या सिद्धान्ताची पुढे पुष्कळ दुरुस्ती झाली, तरी त्याचे मर्म टिकून राहिले. भीती, एकटेपणा, निद्रानाश आणि उद्याची धास्ती यांनी ती वेस सताड उघडी राहते. आणि वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत ‘दीर्घकालीन’ झाली, की पुष्कळदा सबंध मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. वेदनाशामक म्हणून दिलेल्या, परंतु प्रत्यक्षात कोणताही गुण नसलेल्या द्रवाने त्यांतील काहींना आराम पडला. मात्र अफूचा अंमल उतरविणारे नॅलॉक्सोन हे औषध दिल्यावर तो आराम ओसरला. आराम पडेल या नुसत्या अपेक्षेने शरीराने स्वतःच्याच कोठारातून अफूसारखे द्रव्य काढले होते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. ज्याला आपण ‘मनाचे’ म्हणून बाजूला सारतो, ते इतके शरीराचे असते.

विदर्भात या विषयाची निकड ज्या एका आजाराने विशेष जाणवते तो सिकलसेल. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील या रक्तदोषाची नोंद केली, पुढे नागपूरचे संपत रामटेके यांनी, स्वतःच्या घरातच या आजाराची ओळख पटल्यावर, रुग्णांची आणि पालकांची बाजू शासनदरबारी मांडण्यात आपली हयात वेचली आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झाला, आणि १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू झाले. हे सर्व अभिमानास्पद आहे. परंतु विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून ज्या असह्य कळा उठतात, नागपूरच्या मे महिन्यात अंगातले पाणी आटले की किंवा पौषाच्या कडाक्यात गारठा लागला की ज्या हटकून डोके वर काढतात, आणि तारुण्यात खुब्याच्या सांध्याचा गोळाच निकामी झाला म्हणजे ज्या कायमच्या वस्तीला येतात, त्या कळांची कैफियत ऐकून घेणारे दप्तर अजून कोठे नीटसे उघडलेले नाही. या रुग्णाच्या अंगावर प्लास्टर नसते, जखम नसते. गेल्या आठवड्यात लग्नात हसताना दिसलेली मुलगी आज अंथरुणातून उठत नाही, हे पाहून शेजारीपाजारी, शिक्षक, प्रसंगी तपासणारे डॉक्टरदेखील तिला कामचुकार ठरवून मोकळे होतात. वेदनेपेक्षा हा अविश्वास अधिक झोंबतो, असे मला एकाहून अधिक रुग्णांनी सांगितले आहे.

माझ्या परिचयाच्या अशाच एका मुलीने आपली शंभर पानी वही मला वाचू दिली. मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या सांगण्यावरून तिने तीत चार रकाने आखले होते : वेळ, काय करत होते, दुखणे दहापैकी किती, मनात काय आले. एका मंगळवारची नोंद अशी : ‘दुपारी चार. कॉलेजचा जिना. उजवा खुबा, ७. आता आठवडा गेला, परीक्षा बुडणार, आईचे पैसे पाण्यात.’ आणि त्याखाली, दुसऱ्या शाईने, बाईंसमोर बसून लिहिलेली प्रश्नोत्तरे : ‘मागच्या वेळी किती दिवस गेले? दोन. परीक्षा बुडाली? नाही, दिली.’ यात धीराचे गोड शब्द नाहीत, ‘सकारात्मक विचार करा’ हा पोकळ उपदेशही नाही. दुखणे सात आहे ते सातच लिहिले आहे. फक्त त्या साताच्या पाठोपाठ आभाळ कोसळल्याची जी वर्दी मन दर खेपेस देते, तिची कसून उलटतपासणी झाली आहे. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा गाभा हाच.

वर्तनाचा भाग याहूनही साधा आणि, माझ्या मते, याहूनही अवघड. बरे वाटले त्या दिवशी ही मुलगी साचलेली सगळी कामे एकदम उपसायची, आणि मग तीन दिवस पडून राहायची. पुढे पुढे हालचालीचीच धास्ती बसली, चालणे सुटले, स्नायू दुबळे झाले, आणि दुबळ्या स्नायूंनी खुब्याचा भार आणखी वाढविला. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलून बाईंनी नेम घालून दिला तो घड्याळाचा : आठ मिनिटे चालायचे आणि बसायचे, पुढल्या आठवड्यात दहा, बरे वाटले म्हणून जास्त नाही, थोडे दुखले म्हणून कमी नाही, आणि मोठी कळ उठली तर मात्र नेम बाजूला ठेवून दवाखाना. दुखण्याच्या हुकमाऐवजी वेळेच्या हुकमाने दिवस आखण्याची ही तजवीज सिअ‍ॅटलच्या विल्बर्ट फोर्डाइस यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली. सावकाश श्वास आणि स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडणे यांचीही जोड त्याला असते.

फोर्डाइस यांचे आणखी एक निरीक्षण घरच्यांनी ऐकण्याजोगे आहे : ज्या घरात दुखण्याचीच विचारपूस होते, तेथे दुखणे हीच माणसाची ओळख होऊन बसते. या मुलीची आई दर अर्ध्या तासाने दाराशी येऊन विचारायची, ‘दुखून राह्यलं का वं?’ बाईंनी तिलाही बोलावून हा प्रश्न सकाळ-संध्याकाळ मिळून दोनदाच विचारण्याची विनंती केली, तेव्हा ती माउली रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘मग मी करू तं काय, मॅडम?’ ‘तिच्याशी दुसरं बोला,’ बाई म्हणाल्या, ‘धाकट्याशी बोलता तसं. भांडलात तरी चालेल.’

या उपचाराने दुखणे नाहीसे होते, असे जो सांगेल त्याच्यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने ७५ चाचण्यांचा आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक प्रौढ रुग्णांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात विचार-वर्तन उपचाराने वेदना, असमर्थता आणि मनस्ताप या तिन्हींत थोडा, परंतु खरा फरक पडतो, असा निष्कर्ष निघाला. मला तो ‘थोडा’ हलका वाटत नाही. महिन्यातले चार दिवस परत मिळणे म्हणजे काय, हे ज्याचे गेले आहेत त्यालाच विचारावे. मात्र हा उपचार औषधांच्या जागी नव्हे, त्यांच्या जोडीला आहे. सिकलसेलच्या रुग्णाने हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नये. कळांसोबत ताप, छातीत दुखणे किंवा धाप असेल तर वही मिटून थेट इस्पितळ गाठावे. आणि वेदनाशामक गोळी मागण्यात कमीपणा मानू नये. दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडे जी वाहवा होते, तिने पुष्कळांचे नुकसान केले आहे.

सिकलसेलच्या तपासणी मोहिमेत ‘समुपदेशन’ हा शब्द वारंवार येतो, पण त्याचा रोख बहुधा लग्नापूर्वी दोघांची तपासणीची कार्डे जुळवून पाहण्यावर असतो. ते आवश्यक आहेच. परंतु जी मुले आधीच जन्मली आहेत आणि ज्यांना हे दुखणे घेऊन साठ वर्षे जगायचे आहे, त्यांचे काय? माझी मागणी एवढीच, की जेथे रक्त तपासले जाते आणि गोळ्या मिळतात त्याच छताखाली, त्याच चिठ्ठीवर, मानसोपचारतज्ज्ञाची खोलीही असावी. रुग्णाला वेगळ्या इमारतीत, वेगळ्या रांगेत, त्या चौकाच्या नावाची लाज घेऊन जावे लागू नये. तोवर १४४१६ हा टेलि-मानसचा शासकीय, निःशुल्क दूरध्वनी आहे. दीर्घ उपचाराची जागा तो घेऊ शकणार नाही, पण बोलायला आरंभ तेथून करता येतो.

त्या वहीचे शेवटचे भरलेले पान मी पाहिले ते डिसेंबरातले. ‘संध्याकाळी सात. मैत्रिणीच्या हातावर मेंदी काढत होते. दुखणे, ६.’ पुढचा, मनात काय आले हा रकाना, कोरा होता.