फुंकर आणि सूर : काइया सारियाहो यांचं फ्लूटसंगीत

ऐकण्याच्या वाटा : भाग ९

मंचावर फ्लूटवादक एकटीच उभी राहते, फ्लूट हातात घेते आणि बोलायला लागते. पक्ष्यांविषयीचा फ्रेंचमधला एक छोटा उतारा ती म्हणते आहे. म्हणता म्हणता फ्लूट ओठांजवळ येते, आवाज उतरतो, त्याची कुजबुज होते. शब्द विरतात, उरते ती व्यंजनांची फुसफुस, आणि ती नळीत शिरते. त्या फुसफुशीला कुठूनतरी एक पुसट सूर चिकटतो. मग तो ठळक होतो, वर चढतो, थरथरतो. बोलणं कुठे थांबलं आणि वाजवणं कुठे सुरू झालं, हे पुन्हा पुन्हा ऐकूनही बोट ठेवून सांगता येत नाही.

ही 'लाकोनिझ्म द लेल' नावाची रचना. फिनलंडच्या काइया सारियाहो यांनी ती १९८२ साली लिहिली, तेव्हा त्या तिशीला टेकल्या होत्या. उतारा नोबेलविजेते फ्रेंच कवी सँ-जॉन पेर्स यांच्या पक्ष्यांवरच्या दीर्घकाव्यातला. ते काव्य १९६२ साली चित्रकार जॉर्ज ब्राक यांच्या चित्रांसोबत प्रसिद्ध झालं होतं.

गेल्या भागात आपण देब्युसी यांच्या 'सिरिंक्स'पासून (१९१३) निघून एडगार व्हारेझ यांच्या 'डेन्सिटी २१.५'पर्यंत (१९३६) आलो होतो. प्लॅटिनमच्या फ्लूटसाठी लिहिलेल्या त्या छोट्या रचनेत व्हारेझनी वादकाला नुसत्या चाव्या आपटायला लावल्या आणि फ्लूटमधून सुराखेरीजही काही ऐकण्याजोगं निघतं हे दाखवून दिलं. पुढच्या पन्नास वर्षांत अशा आवाजांची रांगच लागली. एका वेळी दोन-तीन सूर, जिभेनं भोक बंद करून काढलेला ठोका, वाजवता वाजवता गाणं, हवेची शिट्टी. या सगळ्यांच्या याद्या झाल्या, पुस्तकं निघाली. बऱ्याच रचनांमध्ये मात्र हे आवाज प्रदर्शनात मांडल्यासारखे एकापुढे एक येतात आणि आपण चकित होऊन घरी जातो. सारियाहो यांनी या आवाजांना काम दिलं. ते काम कोणतं, हे कळलं की त्यांचं चेंबर म्युझिक एकदम उलगडतं. म्हणून आजचा सगळा भाग त्यासाठीच.

आधी वाद्याकडे पाहू. क्लॅरिनेट किंवा ओबोमध्ये वाद्याचं तोंड वादकाच्या ओठांत असतं आणि पत्ती कंप पावते. फ्लूटला पत्ती नाही. हवेचा पातळ झोत समोरच्या कडेवर पडतो, आत-बाहेर हेलकावतो आणि त्या हेलकाव्यातून नळीतली हवा बोलू लागते. झोतातली बरीचशी हवा बाहेरच निसटते. त्यामुळे फ्लूटच्या प्रत्येक सुराला फुंकरीची किनार असतेच. ओठ मोकळे, तोंडाची पोकळी मोकळी, म्हणून वाजवताना जीभ आणि घसा बोलूही शकतात. बासरी शिकणाऱ्या कुणालाही यातला पहिला भाग ठाऊक असेल. नवख्याच्या हातात सुरापेक्षा हवाच जास्त ऐकू येते, आणि ती कमी करण्यात सुरुवातीचे कित्येक महिने जातात. पाश्चात्त्य वादकाची तालीमही तीच. निर्मळ, गोल, हवा न मिसळलेला सूर मिळवण्यासाठी वर्षानुवर्षं रियाझ करायचा.

सारियाहो यांना ही हवाच हवी होती. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी आपली भूमिका मांडली आहे. तिचा सारांश असा. जुन्या पाश्चात्त्य संगीतात ताण आणि विश्रांती यांची देवाणघेवाण स्वरसंगतींवर चाले. कर्कश संगती ताण निर्माण करी, सुसंवादी संगती तो सोडवी. विसाव्या शतकात ती व्यवस्था सैल झाली. तिच्या जागी सारियाहो एक दुसरा पट्टा कल्पतात, ज्याच्या एका टोकाला स्वच्छ, नितळ सूर आणि दुसऱ्या टोकाला खरखरीत गोंगाट. आवाज गोंगाटाकडे सरकू लागला की ताण वाढतो, नितळ होऊ लागला की सुटतो. आपल्याकडे शुद्ध निषादावर रेंगाळलेला गायक षड्जावर येऊन टेकतो तेव्हा जिवाला जे बरं वाटतं, तेच काम इथे फुंकरीतून उजळत येणारा सूर करतो. फरक एवढाच की इथे सूर जागचा न हलताही ते घडू शकतं.

हा पट्टा त्यांच्या स्वरलेखनातही दिसतो. साध्या सुराचं चिन्ह वेगळं, नुसत्या हवेचं वेगळं, आणि दोन्हींच्या मध्ये एक लांब बाण. बाणाचा अर्थ असा, की या अवस्थेतून त्या अवस्थेत जायचं, पण अगदी हळूहळू, मध्ये पायरी जाणवू न देता. वादकाच्या दृष्टीनं खरी कसोटी त्या बाणात आहे. हवा आणि सूर ही दोन टोकं कुणीही वाजवील. मधला प्रवास एकसंध ठेवायचा तर ओठांचा कोन, झोताची जाडी आणि पोटाचा दाब, तिन्ही एकत्र आणि सावकाश बदलावे लागतात. ज्यांनी हे नीट साधलं आहे त्यांचं वादन ऐकताना आपलाही श्वास त्या बाणाबरोबर लांबतो.

सारियाहो १९५२ साली हेलसिंकीत जन्मल्या. सिबेलियस अकादमीत आणि मग जर्मनीत फ्राइबुर्गला ब्रायन फर्नीहो आणि क्लाउस हूबर यांच्याकडे शिकल्या. १९८२ मध्ये पॅरिसच्या इर्कॅम या ध्वनिसंशोधन संस्थेत गेल्या आणि पॅरिसच्याच झाल्या. एखादा सूर संगणकावर उलगडून त्यातले घटक पाहायचे आणि त्यांतूनच स्वरसंगती घडवायची, हे तंत्र त्यांनी तिथे अंगी मुरवलं. १९८६ च्या 'लिश्टबोगन'मध्ये त्यांनी चेलोच्या आवाजाच्या अशा पृथक्करणातून नऊ वादकांसाठी संगीत बांधलं. त्या नऊ जणांत फ्लूट आहे, आणि प्रेरणा आहे ध्रुवीय आकाशातल्या उत्तर प्रकाशाची. जगभर त्यांचं नाव झालं ते ऑपेरांमुळे. 'लामूर द ल्वँ' २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झाला, तेव्हा १९०३ नंतर प्रथमच तिथे एका स्त्री रचनाकाराचा ऑपेरा उभा राहिला. २ जून २०२३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. ऑपेरांबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन. फ्लूट मात्र त्यांच्या हातून कधीच सुटली नाही.

त्याला एक माणूसही कारण आहे. अमेरिकन फ्लूटवादक कमिला हॉइटेंगा १९८०च्या दशकापासून त्यांच्यासोबत काम करत होत्या, आणि सारियाहो यांच्या बऱ्याच फ्लूटरचना त्यांच्या ओठांवर तयार झाल्या. १९९२ च्या 'नोआनोआ'बद्दल सारियाहो यांनी स्वतःच सांगून ठेवलं आहे की फ्लूटच्या भागातले अनेक बारकावे हॉइटेंगांच्या सोबतीनं ठरले.

'नोआनोआ' फ्लूट आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी आहे. नाव घेतलं आहे पॉल गोगँ यांच्या एका काष्ठचित्रावरून आणि त्यांच्या ताहितीच्या प्रवासवर्णनावरून. १८९१ ते ९३ या काळात गोगँ तिथे राहिले होते, आणि ते पुस्तक आज वाचताना मन अस्वस्थ होतं. एका वसाहतवादी माणसाची नजर त्यात पानोपानी आहे. सारियाहो त्यातून उचलतात ते सुगंधाविषयीचे काही तुटक शब्द. ते शब्द वादक फ्लूटमध्येच बोलते, आणि आधी ध्वनिमुद्रित केलेली कुजबुजही आजूबाजूला उमटते. वादकाच्या पायाशी एक पेडल असतं. ठरलेल्या जागी ते दाबलं की साठवलेले आवाज सुरू होतात, शिवाय फ्लूटच्या आवाजावर तिथल्या तिथे प्रक्रिया होऊन त्याची घुमणारी सावली लांबते.

या रचनेमागे एक प्रांजळ हेतू होता. फ्लूटसाठी लिहिताना काही ठरावीक लकबी आपल्या मानगुटीवर बसल्या आहेत असं सारियाहो यांना वाटू लागलं होतं. त्या सगळ्या एकदा कागदावर उतरवायच्या, ताणायच्या, त्यांचा अतिरेक करायचा, म्हणजे पुढे काहीतरी नवं लिहिणं भागच पडेल, असा विचार त्यांनी केला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपली खूण बनलेली लकब कलावंत सहसा जपतो, विकतो. इथे एक रचनाकार ती संपवायला बसते, आणि त्यातून तिच्या सर्वांत जास्त वाजवल्या जाणाऱ्या रचनांपैकी एक निर्माण होते.

ऐकताना लांब सुरांवर लक्ष ठेवा. सूर नितळ सुरू होतो, मग त्यात कंप शिरतो, कंप रुंदावतो, सूर दुभंगून त्यातून दुसरा डोकावतो, हवा वाढते, आणि अगदी फुटायच्या बेतात असताना तिथे शब्द येतो. शब्द म्हणजे इथे पट्ट्याचं गोंगाटाकडचं टोक, कारण व्यंजनांत सूर नसतो. बोलण्याला संगीतातला ताण म्हणून असं वापरलेलं मी फार थोड्या ठिकाणी ऐकलं आहे. तोरू ताकेमित्सु यांच्या 'व्हॉइस'मध्येही (१९७१) फ्लूटवादक बोलतो, पण तिथे बोलणं सुराला छेदत येतं. सारियाहो यांच्याकडे ते सुरात मुरलेलं असतं.

एकट्या फ्लूटपुरतं हे ठीक. पण चेंबर म्युझिक म्हणजे दोन-चार जणांनी एकमेकांचं ऐकत वाजवणं. सोबतीचं वाद्य या पट्ट्यावर कसं यायचं? चेलोला ते सहज जमतं. गज घोडीच्या जवळ नेला की आवाज हिसहिसतो, गजावर दाब वाढवला की करकरतो, दाब काढला की पुन्हा नितळ होतो. फ्लूटची हवा आणि चेलोचा गज यांना एकच भाषा बोलता येते. म्हणूनच सारियाहो यांच्याकडे ही जोडी वारंवार भेटते. १९९७ च्या 'मिरर्स'मध्ये ही दोनच वाद्यं आहेत. तिचे तुकडे वादकांनी हव्या त्या क्रमानं जुळवायचे, फक्त लय, सूर, रंग किंवा वादनाची कृती यांपैकी कशात तरी दोघांनी एकमेकांचा आरसा व्हायचं. कल्पना सुरेख आहे. मला मात्र ती ऐकण्यापेक्षा वाजवण्यात जास्त रंगणारी वाटते.

खरी कमाल 'साँद्र'मध्ये (१९९८) आहे. आल्टो फ्लूट, चेलो आणि पियानो. आल्टो फ्लूट नेहमीच्या फ्लूटपेक्षा चार सुरांनी खाली बोलते. तिची नळी रुंद, त्यामुळे तिच्यात हवेला अधिक जागा असते. ही रचना जन्मली सारियाहो यांच्याच आधीच्या एका वाद्यवृंदरचनेतून. आल्टो फ्लूट आणि चेलो यांना पुढे ठेवून लिहिलेल्या त्या रचनेचं नाव धुरावरून होतं, आणि तिच्यातून उरलेल्या या त्रयीला त्यांनी राखेचं नाव दिलं.

पियानो इथे परका आहे. त्याचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. तो फुगवता येत नाही, त्यात हवा भरता येत नाही, तो जागेवरून घसरवता येत नाही. सारियाहो यांनी या अडचणीवरच रचना उभी केली. कधी त्या तिन्ही वाद्यांना सूर, लय, जोर, रंग अशा सगळ्या बाजूंनी इतकं जवळ आणतात की कोण काय वाजवतं आहे ते कळू नये. कधी प्रत्येकाला त्याच्या स्वभावावर सोडून देतात. फ्लूट श्वासानं बोलते, चेलो गजानं, पियानो हातोडीनं. पहिल्या प्रकारात कान एका धाग्यावर गोळा होतो, दुसऱ्यात तो तीन दिशांना ओढला जातो. जवळ येणं आणि दूर जाणं यातूनच सगळा ताण घडतो. 'नोआनोआ' जास्त प्रसिद्ध आहे, तरी मला 'साँद्र' मोठी वाटते. कारण एका वादकाच्या तोंडात घडणारी गोष्ट इथे तीन माणसांमध्ये घडते.

पक्षी मात्र त्यांना पुन्हा पेर्स यांच्याकडे घेऊन गेले. २००१ मध्ये त्यांनी 'एल द्यु साँज' हा फ्लूट कॉन्चेर्टो लिहिला आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच्या दुसऱ्या भागातून 'तेरेस्त्र' घडवली. फ्लूट, तालवाद्यं, हार्प, व्हायोलिन आणि चेलो अशी पाच जणांची ही रचना. पेर्स पक्ष्यांच्या गाण्याबद्दल लिहीत नाहीत, उडण्याबद्दल लिहितात, आणि सारियाहो यांना नेमकं तेच भावलं. मेसियाँ यांच्या 'ल मेर्ल न्वार'मध्ये (१९५२) फ्लूट काळ्या कस्तुराचं गाणं गाते. 'तेरेस्त्र'च्या पहिल्या भागात पक्षी नाचतो. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या एका कथेत एक पक्षी सगळ्या गावाला नाचायला शिकवतो, त्या कथेवरून तो भाग सुचला. इथे फ्लूटची फुसफुस आणि जिभेचे ठोके थेट तालात उतरतात, आणि तालवाद्य व फ्लूट यांच्यातली रेघ पुसली जाते. सारियाहो यांच्या संगीतात लय कमी, असा आक्षेप ज्यांचा असेल त्यांनी हा भाग जरूर ऐकावा.

आजच्या भागातली शेवटची रचना 'सोंब्र' (२०१२). ह्यूस्टनच्या रॉथको चॅपेलसाठी ती लिहिली गेली. तिथे भिंतींवर मार्क रॉथको यांची चौदा प्रचंड, जवळजवळ काळी चित्रं आहेत. ती पाहताना सारियाहो यांच्या मनात आला तो बास फ्लूटचा आवाज. ही फ्लूट नेहमीच्या फ्लूटपेक्षा पूर्ण सप्तक खाली. नळी इतकी लांब, की तोंडाकडची बाजू वळवून परत आणावी लागते. तिला हवा प्रचंड लागते, आणि सूर उमटायच्या आत ती हवाच ऐकू येते. जवळून पाहिलं की रॉथकोंच्या काळ्यात जांभळा आणि तपकिरी दिसू लागतो, तसं या खालच्या फुंकरीत कितीतरी पोत ऐकू येतात. सोबत बॅरिटोन गायक, हार्प, डबल बास आणि तालवाद्यं आहेत, आणि शब्द एझ्रा पाउंड यांच्या अखेरच्या काळातल्या 'कँटोज'मधले.

ऐकायला सुरुवात करायची तर आधी 'लाकोनिझ्म द लेल' घ्या, म्हणजे पट्टा कळेल. मग 'साँद्र', आणि नंतर 'नोआनोआ'. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. फुंकरीचे बारकावे त्यात हरवतात, आणि या संगीतात तेच मुख्य आहेत. बरा हेडफोन लावा, आणि पहिल्या वेळी चाल शोधू नका. हवा कधी वाढते आणि कधी सरते एवढंच ऐका.

पुढच्या भागात फ्लूट, व्हायोला आणि हार्प ही त्रयी. देब्युसी यांनी तिच्यासाठी १९१५ साली सोनाटा लिहिला, आणि ७७ वर्षांनी तीच तीन वाद्यं घेऊन ताकेमित्सु यांनी वाऱ्यावर एक रचना केली. दोन्ही शेजारी ठेवून ऐकू.