ओळ आत का सरकवतात?

संगणकाची आज्ञावली लिहिताना अटीखाली येणारी आज्ञा समासापासून थोडी आत सरकवतात. कोणती आज्ञा कोणत्या अटीची, हे त्यामुळे पाहताक्षणी कळते. आता पुढील ओळी पाहा:

जर (चूक आढळली)
    थेट शेवटी जा;
    थेट शेवटी जा;

दोन्ही आज्ञा अटीखालच्याच वाटतात ना? पण ‘सी’ भाषेत मोकळ्या जागेला अर्थ नसतो. महिरपी कंस नसेल, तर अट फक्त पहिल्या आज्ञेला लागू होते. दुसरी चूक नसतानाही पाळली जाते! ॲपलच्या आयफोनमधील आज्ञावलीत नेमकी अशीच एक ओळ दोनदा पडल्याचे २०१४ साली उघडकीस आले. त्यामुळे इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीत समोरच्या संगणकाची सही तपासलीच जात नव्हती.

ईमॅक्ससारखा संपादक ओळीची जागा भाषेच्या व्याकरणावरून ठरवतो. किती स्पेस सोडायच्या, २, ४ की ८, हा नियम मात्र आपण त्याला घालून द्यायचा. त्याच्याकडून वरील ओळी पुन्हा मांडून घेतल्या, तर तिसरी ओळ ‘जर’च्या रेषेत बाहेर येते आणि चूक डोळ्यांत भरते. हाताने सोडलेली जागा आपला हेतू दाखवते. नियमाने सोडलेली जागा संगणक काय करणार ते दाखवते.