बेंजो पार्टी पहिल्यांदा स्टुडिओत जाते तेव्हा: अर्धी तयारी मोबाईलवरच होते!

वडाळ्यात आमची बेंजो पार्टी आहे. मी आठवडाभर कोड लिहितो आणि सुट्टीला कीबोर्ड वाजवतो. मागच्या वर्षी सगळ्यांनी पैसे काढून चार तासांसाठी स्टुडिओ बुक केला. तीन गाणी करून येऊ असं वाटलं होतं, पण हातात आलं एक अर्धवट गाणं. पहिला दीड तास तर वाद्यं सुरात लावण्यातच गेला. यात स्टुडिओची काही चूक नव्हती, तयारी आमचीच नव्हती. यंदा पुन्हा गेलो आणि तिन्ही गाणी झाली. मधल्या काळात आम्ही काय केलं, ते बघूया.

मिरवणूक वेगळी, स्टुडिओ वेगळा

मिरवणुकीत आपण एकमेकांकडे बघून वाजवतो. मास्टरने मान हलवली की चाल बदलते. गर्दी नाचायला लागली की लय आपोआप चढते, आणि ती चढायलाच हवी. स्टुडिओत मात्र बऱ्याचदा प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर आणि कधीकधी वेगळ्या वेळी रेकॉर्ड होतं. आज ढोलकी, तासाभराने बेंजो. तेव्हा मान हलवायला समोर कोणी नसतं.

१. लय मोजा

प्रॅक्टिस मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग कोणत्याही मेट्रोनोम ॲपमधलं 'टॅप' बटण ठेक्याबरोबर दाबत राहा, बीपीएम म्हणजे मिनिटाला किती ठोके ते कळेल. आमचं गाणं ११८ ला सुरू होऊन १३१ वर संपत होतं! असं झालं की पहिल्या टेकमधला चांगला तुकडा दुसऱ्या टेकमध्ये जोडता येत नाही.

उपाय म्हणजे क्लिक ट्रॅक. कानात टिक-टिक चालू ठेवून वाजवायचं. आमचे बेंजो मास्टर काका आधी वैतागले, "अरे, आता मशीनसारखं वाजवायचं का?" मग आम्ही गाण्याचे दोन भाग केले, पहिला १२० वर आणि शेवटचा १२८ वर. क्लिकमध्ये असा बदल आधीच भरून ठेवता येतो. लय चढली, पण ठरवून. काकाही खूश.

२. ब्लूटूथ घरी ठेवा

१२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग १२५. ब्लूटूथ इअरबड्समध्ये आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचतो. म्हणजे तुम्ही बरोबर वाजवलं तरी पाव ठोका मागे पडाल. प्रॅक्टिसलाही वायरचेच हेडफोन वापरा.

३. सगळ्यांची पट्टी एक करा

आपला बेंजो हा मूळ जपानमधल्या ताइशोगोतोचा भाऊबंद. ते वाद्य १९१२ च्या सुमारास तयार झालं. टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. कीबोर्डचा सूर सहसा ४४० हर्ट्झवर पक्का असतो, तारा मात्र उतरतात. एक ४४० वर आणि दुसरा ४४४ वर असेल, तर सेकंदाला चार वेळा आवाज वर-खाली होतो. रस्त्यावर हे कळत नाही, माइक मात्र सगळं पकडतो. ट्यूनर ॲप फुकट मिळतं. नव्या तारा दोन-तीन दिवस आधी चढवा, म्हणजे त्या ताणून स्थिर होतात.

ढोलकीचं उलटं. दमट हवेत पुडी सैल पडते, एसीच्या कोरड्या हवेत चढते. त्यामुळे अर्धा तास आधी पोचा, ढोलकी खोलीत ठेवा आणि मगच सुरात लावा.

बेंजोच्या पिकअपमधून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर केबल आणि अर्थिंग घरीच तपासा. रेकॉर्डिंग चालू असताना मोबाईल एअरप्लेन मोडवर आणि वाद्यापासून लांब ठेवा.

४. ऑक्टापॅडवाल्यासाठी

ऑडिओसोबत मिडीही रेकॉर्ड करायला सांगा. मिडी म्हणजे आवाज नव्हे. कोणतं पॅड, कधी आणि किती जोरात वाजलं, याची ती नोंद असते. नंतर पॅडचा आवाज पसंत पडला नाही तर पुन्हा न वाजवता बदलता येतो.

५. फाइलचा हिशोब

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका ट्रॅकचे सेकंदाला १,४४,००० बाइट्स होतात, म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ एमबी. पाच मिनिटांचं गाणं, १६ ट्रॅक म्हणजे एका टेकला जवळपास ६९० एमबी. तीन गाण्यांचे चार-चार टेक झाले तर आठ जीबीच्या वर! ३२ किंवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन जा. फक्त एमपी३ घेऊन निघू नका, सगळे ट्रॅक वेगवेगळे डब्ल्यूएव्हीमध्ये मागा. पुढे मिक्स बदलायचं असेल तर तेच कामाला येतील.

६. कोणतं गाणं?

सुपारीला सिनेमाची गाणी चालतात, पण तीच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकली तर कंटेंट आयडी चाल ओळखू शकतं आणि जाहिरातीचे पैसे हक्क असणाऱ्या कंपनीकडे जाऊ शकतात. म्हणून आम्ही पहिल्यांदाच स्वतःच्या चाली बसवल्या. खरं सांगू? सगळ्यात जास्त प्रॅक्टिस त्यामुळेच झाली.

११ फेब्रुवारी १९६३ ला लंडनमध्ये बीटल्सनी आपल्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी एका दिवसात रेकॉर्ड केली. जादू काही नव्हती, त्यातली बरीच गाणी ते आधीपासून स्टेजवर वाजवत होते. स्टुडिओचं मीटर तासावर पळतं, मंडळाच्या ऑफिसातल्या प्रॅक्टिसला पैसे पडत नाहीत. चुका तिथेच संपवा.

यंदा परत येताना हार्बर लाइनच्या गाडीत काकांनी माझ्या मोबाईलवर आमचं गाणं तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लावताना म्हणाले, "पुढच्या वेळी १२८ नको रे, १३० ठेव."