कॉन्टेसाचं इंजिन, भाग ५ : आधी पिस्टन, मग बोअर

मागच्या आठवड्यात आपण इंजिन गाडीतून उतरवून ओंडक्यांवर ठेवलं होतं. आता हेड निघालंय, तळाचा ऑइलचा चेंबर निघालाय, चारही पिस्टन बाहेर आलेत. सिलिंडरच्या आत वरून बोट घाला आणि नख हळूच खाली आणा. कडेपासून थोडं खाली गेलं की नख एका पायरीला अडकतं. आमच्या इंजिनाची सगळी गोष्ट त्या पायरीत आहे.

पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, उलटा फिरतो. थांबतो त्या जागी वरच्या रिंगखाली ऑइलचा थर सगळ्यात पातळ असतो आणि आगीची झळ सगळ्यात जास्त. सिलिंडर तिथेच झिजतो. त्याच्या वर रिंग पोचतच नाही, म्हणून तेवढी कड मूळ मापाची राहते आणि पायरी तयार होते. ही झीज सगळ्याच इंजिनांत होते. आमच्या तामसीच्या वाटेवरच्या गाडीत ती जरा लवकर होते. कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टरांची रांग गेली की काळ्या मातीचा पिठासारखा फुफाटा अर्धा तास खाली बसत नाही. हवेच्या डब्यातला कागदी फिल्टर काढून पाहिला, तर त्याची रबरी कड एका बाजूला आखडली होती. जेमतेम काडी शिरेल एवढी फट. माझे मामा ही गाडी आदिलाबादच्या मोंढ्यावर न्यायचे, त्या सगळ्या वर्षांचा फुफाटा या फटीतून आत गेला आणि ऑइलात मिसळून पॉलिशपेपरसारखा घासत राहिला. त्यामुळे इंजिनावर लाखभर खर्चायच्या आधी फिल्टरची कड बघा, हे मी कळकळीने सांगतो.

नखाने झीज कळते, पण किती ते कळत नाही. त्यासाठी बोअर गेज लागतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये वर, मधे, खाली अशा तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीला आडवं-उभं असं दोनदा माप घ्यायचं. चार सिलिंडरांची चोवीस मापं. कंपनीचं माप ८४ मिलिमीटर. चौथ्या सिलिंडरने वर ८४.१९ दाखवलं आणि तळाशी ८४.०३. आडव्या अंगाला झीज जास्त होती, कारण जळालेल्या गॅसचा दाब पिस्टनला एका भिंतीवर रेटतो. सिलिंडर गोल राहिला नव्हता आणि सरळही राहिला नव्हता. नव्या रिंगा घालून भागवायचं, ज्याला गॅरेजात ‘हाफ इंजिन काम’ म्हणतात, तो मार्ग इथेच बंद झाला. वाकड्या भोकात नवी रिंग वर-खाली जाताना सारखी उमलते आणि मिटते. सहा महिन्यांत धूर परत येतो.

हे इंजिन मुळात आलं कुठून, ते इथे सांगायला हवं. पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. कॉन्टेसा १९८४ साली आली तेव्हा तिच्या अंगावर इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा साज होता, पण पोटात अँबेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं. एवढी ऐसपैस गाडी आणि ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास. चढाला ती धापा टाकायची. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हिंदुस्तान मोटर्सने तिच्यात जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन बसवलं आणि जोडीला पाच गिअरचा बॉक्स दिला. ताकद ऐंशीच्या पुढे गेली. आपल्याकडे जुन्या गाडीत नवं काळीज बसवण्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते खुद्द कारखान्याने केलं होतं.

फरक फक्त सीसीचा नव्हता. जुन्या इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक जवळपास ८९. अरुंद आणि उंच. इसुझूचा बोअर ८४, स्ट्रोक ८२. रुंद आणि बुटकं. बोअर रुंद असला की वर मोठे व्हॉल्व्ह मावतात. स्ट्रोक आखूड असला की पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात कमी पळावं लागतं, म्हणून इंजिन वरच्या फेऱ्यांना दमत नाही. शिवाय कॅमशाफ्ट हेडमध्येच, चेनवर चालणारा. लांब पुशरॉडची खडखड नाही. हेच घराणं इसुझूने आपल्या ११७ कूपेमध्ये वापरलं होतं, आणि त्या गाडीचा आकार इटालियन डिझायनर जुजारोने काढलेला. म्हणजे आमच्या मोंढ्यावर उभी राहणारी गाडी पोटातून एका देखण्या स्पोर्ट्‌स कारचं भावंड आहे. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

आता बोअरबद्दलचा एक गैरसमज. ‘बोअर मारला की गाडी पळते’ हे वाक्य मी चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकलंय. हिशेब करू. अर्धा मिलिमीटर मोठा बोअर म्हणजे ८४.५. त्या मापाने इंजिन १८३९ सीसीचं होतं. वाढ २२ सीसी, सव्वा टक्कासुद्धा नाही. गाडी पळते ती नव्या रिंगांनी दाब धरल्यामुळे. हरवलेली ताकद परत येते, तिला लोक वाढलेली समजतात. खरी वाढ हवी तर हवा आत जायची वाट मोकळी करावी लागते, दाबाचं प्रमाण वाढवावं लागतं, नाहीतर गाडीचं वजन उतरवावं लागतं. तिसरी वाट आपल्याच महाराष्ट्रात चोखाळली गेली. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीची दोन माणसांची उघडी रोडस्टर बनवली आणि तिच्यात हेच १.८ इसुझू बसवलं. बॉडी फायबरची, दारं-काचांचा पसारा नाही. जे इंजिन कॉन्टेसात सभ्यपणे चालतं, तेच तिथे हलक्या अंगाला घेऊन उसळतं. कॉन्टेसाच्या पत्र्याचं वजन मला उतरवता येत नाही, म्हणून माझ्यापुरता प्रश्न हेडचा उरला.

हेड अॅल्युमिनियमचं. त्यावर पोलादी पट्टी उभी धरली आणि खालून फीलर गेज सरकवलं. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे ०.१२ मिलिमीटरचं पातं सहज गेलं. कधीतरी मे महिन्याच्या उन्हात रेडिएटरचं पाणी संपलं असणार. फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट करणं, भाग होतं. किती घासायचं यावर मी दोन रात्री वही घेऊन बसलो. पिस्टन सगळ्यात वर असताना वरची जागा, गॅसकेट धरून, ६०.६ सीसी निघाली. जुन्या बोअरवर दाबाचं प्रमाण बरोबर साडेआठ येतं. हेड ०.३ मिलिमीटर घासलं की जागा दीड सीसीहून थोडी जास्त कमी होते, आणि नव्या बोअरसह प्रमाण ८.८ च्या आसपास जातं. ओळखीचे पोरगेसे रायडर म्हणाले, काका, साडेनऊ करा. त्यासाठी मिलिमीटरभर धातू काढावा लागला असता. कॅमशाफ्ट क्रँकच्या तेवढाच जवळ आला असता, चेन सैल पडून व्हॉल्व्हची वेळ मागे सरकली असती, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पंपावरच्या साध्या पेट्रोलवर इंजिनाने ठोके दिले असते. मी ०.३ वर थांबलो.

इंजिनच बदलायचा मोह होणाऱ्यांसाठी कायद्याचंही थोडक्यात. वेगळ्या जातीचं इंजिन बसवायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. आहे ते इंजिन दुरुस्त करणं ही निराळी गोष्ट.

आता या भागाच्या मथळ्याकडे. बारा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गाडीचं काम करून घेतलं. तिथल्या मिस्त्रीने आधी बोअर मारून ठेवला आणि पिस्टन मागून मागवले. पिस्टन आले ते डब्यावरच्या मापापेक्षा किंचित बारीक. सकाळी थंड इंजिन चालू केलं की पिस्टन भिंतीवर आपटून टकटक वाजायचा. ते इंजिन शेवटपर्यंत तसंच वाजलं. या वेळी मी आदिलाबादला ब्लॉक घेऊन गेलो तेव्हा लेथवरचा माणूस डोळेसुद्धा वर न करता म्हणाला, ‘‘काका, पिस्टन आणलेत का? नसतील तर ब्लॉक इथे ठेवा आणि घरी जा.’’ मी त्याच क्षणी त्याच्यावर विश्वास टाकला. या इंजिनाचे पिस्टन आता सहज मिळत नाहीत. मला चार मिळेपर्यंत सात आठवडे गेले. ते आल्यावर त्याने प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मापला, त्यावर खडूने १ ते ४ आकडे घातले आणि प्रत्येक सिलिंडर आपापल्या पिस्टनच्या मापाला कापला. भिंत आणि पिस्टन यांच्यात ०.०५ मिलिमीटर. केसाच्या जाडीएवढं किंवा त्याहून कमी. बोरिंगचं अवजार मापाच्या जरा अलीकडेच थांबवून उरलेलं त्याने फेऱ्याफेऱ्यांनी काढलं आणि शेवटचा हात होनिंगचा दिला. होनिंगच्या तिरक्या रेघा एकमेकींना छेदतात. त्या रेघांत ऑइल टिकतं आणि नव्या रिंगा त्यांच्यावर घासून आपली बैठक जमवतात. आरशासारखा गुळगुळीत सिलिंडर दिसायला छान, पण रिंग त्याच्यावर कधीच नीट बसत नाही.

ब्लॉक घरी आला. रॉकेलने पुसला की स्वच्छ दिसतो, तिथेच बरेच जण फसतात. होनिंगच्या दगडाची भुकटी रेघांच्या तळाशी चिकटून राहते, रॉकेल तिला नुसती इकडून तिकडे सरकवतं. कढत पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश हवा. अंगणात दगडावर ब्लॉक ठेवून आम्ही तो धुतला. प्रत्येक धुण्यानंतर जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा सिलिंडरमधून फिरवायचा. पहिला काळा आला, दुसरा राखाडी. तिसऱ्यावर बायको म्हणाली, झालं की. उन्हात धरला तर कडेला अजून करडी झाक होती. चौथ्यातही होती. पाचवा तुकडा पांढरा आला तसा दोघांनी मिळून ब्लॉक फडक्याने टिपला आणि ओल वाळायच्या आत चारही सिलिंडरांना हाताने ऑइल चोपडलं, कारण उघडं बीड घटकाभरात तांबूस होतं. आता तो पडवीत पोत्याखाली झाकून ठेवलाय. क्रँकची मापं पुढच्या आठवड्यात.