डीव्हीडीवरील उच्च विभेदन चित्रमुद्रण

नेहमीच्या कोऱ्या डीव्हीडी तबकडीवर उच्च विभेदनाची चलच्चित्रे व ध्वनी ब्लू-रे तबकडीच्या धर्तीवर लिहिण्याची पद्धत. अशी तबकडी दिसण्यात साध्या डीव्हीडीसारखीच असते. तथापि ती ब्लू-रे प्लेअरवर चालते, साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालत नाही. व्यवहारात ह्या लेखनास ‘तबकडी बर्न करणे’ असे म्हणतात. वास्तविक तीत काही जळत नाही. लेसर शलाकेच्या [→ लेसर] उष्णतेने तबकडीतील कार्बनी रंजकाच्या थराचे प्रकाशीय गुणधर्म जागोजागी बदलतात व ते ठिपके वाचन-शलाकेला खळग्यांसारखे भासतात. २००६ नंतरच्या काही वर्षांत उच्च विभेदनाचे कॅमेरे घरोघरी येऊ लागले; पण कोरी ब्लू-रे तबकडी व ती लिहिणारे यंत्र दोन्ही महाग होती. ह्या काळात ही पद्धत विशेष उपयोगी ठरली.

विभेदन व धारणक्षमता : चित्राची सुस्पष्टता तबकडीच्या जातीवर अवलंबून असते, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. तबकडी केवळ अंक साठविते; ते अंक किती मावतील व किती वेगाने वाचता येतील एवढेच तिच्या जातीवरून ठरते. सीडी, डीव्हीडी व ब्लू-रे ह्या तिन्ही तबकड्यांचा व्यास १२ सेंमी. व जाडी १.२ मिमी. असते. फरक आहे तो वाचणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीत. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर (तांबडा) व ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटर (निळसर जांभळा) तरंगलांबीचा लेसर वापरतात. तरंगलांबी जितकी कमी तितका शलाकेचा ठिपका लहान करता येतो व माहितीच्या ओळी जवळजवळ आखता येतात. डीव्हीडीत दोन ओळींतील अंतर ०.७४ मायक्रोमीटर असते, तर ब्लू-रेमध्ये ते ०.३२ मायक्रोमीटर असते. त्यामुळे एकस्तरी डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट, द्विस्तरी डीव्हीडीत ८.५ गिगाबाइट, तर एकस्तरी ब्लू-रे तबकडीत २५ गिगाबाइट माहिती मावते.

भारतात प्रचलित असलेल्या डीव्हीडी-चित्रपटाच्या एका चौकटीत ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० चित्रबिंदू असतात. पूर्ण उच्च विभेदनाच्या चौकटीत १,९२० × १,०८० म्हणजे २०,७३,६०० चित्रबिंदू, बरोबर पाचपट, असतात. सेकंदाला २५ चौकटी याप्रमाणे असे चित्र कोणतेही संपीडन न करता साठवावयाचे म्हटल्यास सेकंदास सु. ६२ कोटी बिट लागतील आणि संपूर्ण डीव्हीडी एका मिनिटात भरून जाईल. म्हणून सर्व काही संपीडनावर अवलंबून आहे.

संपीडन : डीव्हीडीसाठी १९९० नंतरच्या दशकात ‘एमपेग-२’ हे संपीडनाचे मानक स्वीकारण्यात आले. २००३ मध्ये ‘एच.२६४’ हे अधिक कार्यक्षम मानक मान्य झाले. दोहोंचे तत्त्व एकच आहे : लागोपाठच्या चौकटींत जे बदलत नाही ते पुनःपुन्हा न लिहिता फक्त बदल लिहावयाचा. मात्र नव्या मानकात चित्राचे तुकडे अधिक बारीक करून व अनेक चौकटींचा आधार घेऊन पुढील चौकटीचे अनुमान केले जाते. परिणामी जवळजवळ तेवढ्याच दर्जाचे चित्र पुष्कळ कमी बिटांत बसते. सोनी व पॅनासॉनिक ह्या जपानी कंपन्यांनी २००६ मध्ये ह्याच मानकावर आधारलेली ‘एव्हीसीएचडी’ ही पद्धत घरगुती कॅमेऱ्यांसाठी जाहीर केली. तिच्या आरंभीच्या कॅमेऱ्यांपैकी काही ८ सेंमी. व्यासाच्या लहान डीव्हीडीवरच चित्रमुद्रण करीत. म्हणजे डीव्हीडीवर उच्च विभेदन ही हौशी लोकांनी काढलेली पळवाट नसून आरंभापासून अधिकृत सोय होती.

ह्या पद्धतीत डीव्हीडीवरील माहितीचा दर सेकंदास १८ मेगाबिटपर्यंत मर्यादित ठेवतात. ह्या दराने एकस्तरी तबकडीवर सु. ३५ मिनिटांचे, तर १२ मेगाबिट दराने सु. ५२ मिनिटांचे चित्रण मावते. उदा., पैठण येथील नाथषष्ठीच्या उत्सवातील दीड तासाचे एखादे कीर्तन साध्या डीव्हीडी-चित्रपटाच्या स्वरूपात एका तबकडीवर सहज बसेल. उच्च विभेदनात त्याला १२ मेगाबिट दराने दोन व १८ मेगाबिट दराने तीन तबकड्या लागतील. दर निवडताना विषयाचा विचार करणे अगत्याचे असते. एका जागी उभ्या असलेल्या कीर्तनकाराचे चित्र थोड्या बिटांत निभावते. त्याच उत्सवातील दिंड्यांचे मात्र तसे नाही. गर्दी, फडकणाऱ्या पताका, नाचणारे टाळकरी, उधळलेला गुलाल ह्यांत प्रत्येक बिंदू प्रत्येक चौकटीत बदलतो, अनुमानाला आधारच उरत नाही आणि दर अपुरा असल्यास चित्राचे चौकोनी तुकडे डोळ्यांना दिसू लागतात. पैठणी विणताना केलेले चित्रण ही दुसरी कठीण परीक्षा होय. पदरावरील बांगडी-मोरासारख्या नक्षीतील बारीक जरीच्या रेषा संपीडनात प्रथम नष्ट होतात. शिवाय आळीपाळीच्या ओळींनी चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यात त्या आडव्या रेषा लुकलुकतात. अशा कामासाठी दर कमी करून तबकडी वाचविण्यात शहाणपण नाही.

तबकडीची रचना : ब्लू-रे प्लेअरमध्ये जुन्या तबकड्याही चालाव्यात म्हणून निळसर जांभळ्या लेसरबरोबर तांबडा लेसरही बसविलेला असतो आणि एच.२६४ उलगडण्याची क्षमता त्याला मानकानुसार असावीच लागते. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळेच प्रस्तुत पद्धत शक्य झाली. डीव्हीडी प्लेअर तीच तबकडी तितक्याच सहजतेने वाचू शकतो. परंतु त्याला फक्त जुने मानक उलगडता येते, म्हणून ‘तबकडी अयोग्य’ अशी सूचना पडद्यावर येते. आप्तेष्टांना विवाहाच्या तबकड्या वाटणाऱ्यांना ह्याचा अनुभव अनेकदा येई.

तबकडीवरील धारिका ठराविक नावांच्या कप्प्यांत ठेवाव्या लागतात : एका कप्प्यात प्रत्यक्ष चित्र-ध्वनीचा प्रवाह, दुसऱ्यात क्रमसूची, तिसऱ्यात प्रवाहातील स्थानांची माहिती. त्यांची मांडणी ‘यूडीएफ’ ह्या प्रणालीच्या २.५ ह्या आवृत्तीनुसार करतात. कॅमेऱ्याचा मूळ दर १८ मेगाबिटांच्या आत असेल, तर चित्राचे पुन्हा संपीडन करू नये; प्रवाह जसाच्या तसा नव्या मांडणीत ठेवावा. पुनःसंपीडनात प्रत्येक वेळी दर्जा घटतो व तो परत मिळविता येत नाही. लेखन मध्यम वेगाने करावे आणि शेवटी तबकडीचे समापन करावे; ते राहून गेल्यास बहुतेक प्लेअर तिला ओळखत नाहीत. ‘बीडी-५’ व ‘बीडी-९’ ह्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या जवळच्या प्रकारांत दर ह्याहून अधिक असतो. त्यासाठी डीव्हीडी मूळ वेगाच्या सु. तिप्पट वेगाने फिरवावी लागते व ते सर्व प्लेअरना जमत नाही.

दूरचित्रवाणी संच व मराठवाडा : डीव्हीडीचे ५७६ ओळींचे चित्र चित्रनलिकेच्या संचावर पूर्णतः समाधानकारक दिसे, कारण त्या संचाची मर्यादाही तेवढीच होती. सपाट पडद्याचे मोठे संच आल्यावर तेच चित्र अस्पष्ट वाटू लागले. ह्या स्थित्यंतराशी पैठण तालुक्याचा निकटचा संबंध आहे. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) - पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज ह्या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय व कारखाना होता. दूरचित्रवाणी संच व इतर गृहोपयोगी उपकरणांमुळे तिचे नाव देशभर पोहोचले. तिने २००५ मध्ये फ्रान्सच्या टॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसाय विकत घेतला. तोवर जग सपाट पडद्याकडे वळले होते. जून २०१८ मध्ये कंपनीविरुद्ध दिवाळखोरी निराकरणाची प्रक्रिया सुरू झाली. कोऱ्या तबकड्यांच्या जगातील मोठ्या उत्पादकांत गणली जाणारी उत्तर प्रदेशातील मोझर बेअर ही कंपनीही त्याच वर्षी अवसायनात निघाली.

टिकाऊपणा : रंजकाचा थर उष्णता, दमटपणा व प्रखर प्रकाश ह्यांनी बिघडतो. डीव्हीडीत हा थर दोन अर्ध्या चकत्यांच्या मध्ये असल्याने ओरखड्यापासून तो बराचसा सुरक्षित असतो. पण कडेने ओल शिरल्यास चकत्या सुटतात. अंकीय दोषनिवारणामुळे थोडी हानी झाकली जाते व म्हणूनच ती वेळेवर लक्षात येत नाही. मर्यादा ओलांडताच तबकडी एकाएकी वाचेनाशी होते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते, तेव्हा पत्र्याच्या छताखाली किंवा मोटारीत ठेवलेल्या तबकड्या फार काळ टिकतील असे मानू नये. तबकडी डबीत उभी ठेवावी, तीवर कागदी चिठ्ठी डकवू नये.

पुढे दूरचित्रवाणी संच यूएसबी साठवणीवरील धारिका स्वतःच वाचू लागले व ह्या पद्धतीचे प्रयोजन बव्हंशी संपले. सोनी कंपनीने लेखनक्षम ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केले. मात्र त्या वर्षांत लिहिलेल्या तबकड्या अनेक घरांत आहेत आणि पुष्कळदा त्यांतील चित्रणाची दुसरी प्रत नसते. विंडोज एक्सपी असलेल्या जुन्या संगणकात अशी तबकडी घातल्यास ती कोरी भासते, कारण ती प्रणाली यूडीएफ २.५ जाणत नाही. विंडोज व्हिस्टा व तिच्यानंतरच्या प्रणालींत तीच तबकडी उघडते. तेव्हा केवळ डीव्हीडी प्लेअरवर वा जुन्या संगणकावर चालली नाही म्हणून ती टाकून देऊ नये. प्रवाहाच्या कप्प्यातील धारिका संगणकावर उतरवून घेता येतात व त्यासाठी कोणत्याही रूपांतराची गरज नसते.